मोहल्ल्याचा निखारा : दिल्लीतील कबाबांची दुकाने

दिल्लीत जामा मशिदीच्या दक्षिण दरवाज्यासमोरून मटिया महल हा बाजार सुरू होतो. या बाजारातून निघणाऱ्या एका अरुंद गल्लीचे नाव ‘गली कबाबियान’, म्हणजे कबाब करणाऱ्यांची गल्ली, असे आहे. शाहजहान बादशहाने १६३९ मध्ये वसविण्यास घेतलेल्या या नगरात व्यवसायांवरून वस्त्यांना नावे पडण्याची रीत होती. बांगड्यांचा धंदा करणाऱ्यांचे चूडीवालान, सुया करणाऱ्यांचे सुईवालान, खाटकांचे कसाबपुरा, ही तशीच नावे होत. त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी मूळ धंदा आता उरलेला नाही. नाव तेवढे राहिले आहे. कबाबाचा धंदा मात्र टिकून राहिला आणि जुन्या तटाबाहेर पसरलेल्या नव्या दिल्लीतही त्याने आपली जागा करून घेतली.

दिल्लीतील नामांकित कबाबगृहांची माहिती प्रवाशांच्या कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडते. परंतु दिल्लीचा रहिवासी आठवड्यातून एकदोनदा ज्या दुकानातून कागदात गुंडाळलेले कबाब घरी नेतो, ते दुकान बहुधा निराळे असते. ते त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असते. कित्येकदा त्यावर पाटीही नसते. असे दुकान कसे ओळखावे, ते चांगले कशामुळे होते, आणि आज त्याच्यापुढे कोणता प्रश्न उभा आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

परंपरा

मांस सळईस टोचून निखाऱ्यावर भाजण्याची पद्धत भारतात मुसलमानी सत्तेबरोबर आली, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती पूर्णपणे बरोबर नाही. शूलावर, म्हणजे सळईवर, संस्कार केलेल्या मांसास ‘शूल्य’ म्हणावे, अशी व्युत्पत्ती पाणिनीच्या व्याकरणात आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘भडित्रक’ नावाच्या भाजलेल्या मांसाच्या पदार्थाचे वर्णन येते. राजस्थानातील कालीबंगन येथील उत्खननात सिंधू संस्कृतीच्या काळातील, तंदुराशी साम्य असलेल्या मातीच्या भट्ट्या आढळल्या आहेत. तेव्हा भाजण्याची क्रिया या देशास नवी नव्हती. मध्य आशिया आणि इराणकडून आली ती नावे, मसाल्यांची जुळणी आणि बारीक खिम्याचे नाजूक प्रकार. अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्यातील पदार्थांची जी यादी आहे, तीत कबाबाची नोंद आहे.

दरबारातील हे अन्न रस्त्यावर कसे आले, याचा एक दाखला गली कबाबियानमध्येच मिळतो. तेथील ‘करीम’ हे उपाहारगृह हाजी करीमुद्दीन यांनी १९१३ मध्ये स्थापन केले. मोगल बादशहांच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या पूर्वजांचा वारसा हे घराणे सांगते. राजाश्रय गेल्यावर बावर्च्यांना गिऱ्हाईक शोधावे लागले. ते गिऱ्हाईक म्हणजे जामा मशिदीच्या परिसरातील कारागीर, दुकानदार, हमाल आणि बाहेरगावाहून येणारे प्रवासी हे होते. त्यांना परवडेल असे मांस वापरणे आणि ते चटकन शिजविणे भाग होते. मोहल्ल्यातील कबाबाची घडण या दोन गरजांतून झाली आहे. आजही जुन्या दिल्लीतील साध्या दुकानातील सीख कबाब बहुधा म्हशीवर्गीय जनावराच्या मांसाचा असतो. तेथील भाषेत त्यास ‘बडे का’ म्हणतात. बकऱ्याचे मांस त्याहून पुष्कळ महाग असल्याने ते मोठ्या उपाहारगृहांत अधिक दिसते.

एका शहरातील तीन भट्ट्या

दिल्लीतील भाजलेल्या मांसाचे स्थूलमानाने तीन प्रवाह आहेत. प्रत्येकाची भट्टी निराळी आणि प्रत्येकाचा मोहल्लाही निराळा आहे.

पहिला प्रवाह जुन्या शहराचा. मटिया महल, चितली कबर, तुर्कमान दरवाजा आणि दक्षिणेकडील निजामुद्दीन वस्ती येथे लोखंडाची लांबट, उघडी अंगीठी वापरतात. तिच्या दोन्ही कडांवर सळया आडव्या टेकविलेल्या असतात आणि खाली कोळसा फुललेला असतो. कबाबी एका हाताने सळया फिरवितो आणि दुसऱ्या हाताने पंखा हलवितो. येथील काही कबाब इतके मऊ असतात की खिमा सळईवर राहावा म्हणून त्याभोवती सुताचे वेढे घ्यावे लागतात. पानात वाढताना तो दोरा ओढून काढतात. यासच सुतली कबाब म्हणतात. कलकत्त्याच्या झकेरिया स्ट्रीटवरही हा प्रकार प्रसिद्ध आहे.

दुसरा प्रवाह १९४७ च्या फाळणीबरोबर आला. पंजाबच्या खेड्यांत ‘सांझा चुल्हा’ नावाचा सामाईक तंदूर असे आणि शेजारच्या स्त्रिया आपापली कणीक घेऊन तेथे रोट्या भाजावयास येत. पश्चिम पंजाब आणि सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी हा तंदूर दिल्लीत आणला. पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल, कुंदनलाल जग्गी प्रभृतींनी १९४७ मध्ये दर्यागंज येथे ‘मोती महल’ सुरू केले आणि तंदुरी कोंबडी देशभर पोहोचविण्यात त्याचा मोठा वाटा राहिला. राजेंद्रनगर, पटेलनगर, लाजपतनगर अशा निर्वासितांच्या वसाहतींत ढाबे उभे राहिले. येथे भाजावयाचा जिन्नस उघड्या निखाऱ्यावर नव्हे, तर मातीच्या खोल रांजणासारख्या तंदुरात उभ्या सळईने सोडला जातो.

तिसरा प्रवाह अफगाण लोकांचा. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. तेव्हापासून युद्धामुळे देश सोडावा लागलेली अनेक कुटुंबे वेळोवेळी दिल्लीस आली आणि लाजपतनगर, भोगल या भागांत राहिली. त्यांच्याबरोबर लांबट नान आणि मसाला बेताचाच असलेले कबाब आले. या पदार्थात मिरचीपेक्षा मांस आणि चरबी यांच्या चवीस महत्त्व असते.

या तिन्ही प्रवाहांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक दुकान आरंभी आपल्याच लोकांकरिता उघडले गेले. जे गिऱ्हाईक तो पदार्थ लहानपणापासून खात आले आहे, त्याची फसवणूक करणे कठीण असते. चांगल्या दुकानाचा शोध घेणाऱ्याने ही गोष्ट प्रथम लक्षात ठेवावी.

निखाऱ्याचे कार्य

चांगला कबाब कसा होतो हे कळले म्हणजे चांगले दुकान ओळखणे सोपे जाते. कोळसा पेटविल्यावर आरंभी ज्वाळा व धूर निघतो. या अवस्थेत मांस ठेवल्यास ते बाहेरून काळवंडते आणि आत कच्चे राहते. काही वेळाने ज्वाळा शमतात, कोळशावर राखेचा पातळ थर येतो आणि आतून तांबडा प्रकाश दिसू लागतो. आता त्यातून उष्णतेचे प्रखर प्रारण होते. मांसाचा पृष्ठभाग कोरडा होऊन सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या वर गेला म्हणजे प्रथिनांतील घटक आणि शर्करा यांच्यात रासायनिक क्रिया वेगाने घडून तपकिरी रंग आणि खमंग वास निर्माण होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले; तिला त्यांचेच नाव मिळाले आहे.

धुराचा जो सुवास कबाबास येतो, तो कोळशाचा आहे असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः पूर्ण फुललेल्या कोळशाला स्वतःचा वास फारसा नसतो. मांसातील चरबी वितळून थेंबाथेंबाने निखाऱ्यावर पडते, तिची वाफ व धूर होतो आणि तो मांसावर बसतो. सुवासाचा बराचसा भाग या चरबीचा असतो. म्हणून अगदी चरबीविरहित खिम्याचा कबाब कोरडा तर होतोच, शिवाय त्यास वासही येत नाही.

खिम्याची तयारी हा दुसरा महत्त्वाचा भाग होय. मीठ घालून खिमा चांगला मळला म्हणजे त्यातील प्रथिने चिकट होतात आणि तो सळईस धरून राहतो. वातड मांस मऊ करण्यासाठी कच्ची पपई वाटून लावतात. तिच्यातील पॅपेन हे विकर स्नायूंच्या तंतूंचे विघटन करते. पपई अधिक झाली किंवा मांस तीत फार वेळ राहिले, तर त्याचा गिळगिळीत लगदा होतो. ज्यास हा अंदाज नसतो, तो कबाब तुटू नये म्हणून भाजलेले बेसन जास्त घालतो. असा कबाब सळईवर सुरेख दिसतो, पण जिभेवर पिठूळ लागतो.

ओळखण्याच्या खुणा

अनोळखी वस्तीत जाणाऱ्याने प्रथम वेळ पाहावी. मोहल्ल्यातील कबाबाची अंगीठी बहुधा दिवस कलल्यावर पेटते आणि खिमा संपला की विझते. वाटलेले मांस अखंड मांसापेक्षा लवकर खराब होते, कारण वाटताना पृष्ठभागावरील जंतू सर्व खिम्यात मिसळतात. त्यामुळे जो दुकानदार दररोज आपल्या अंदाजाइतकाच खिमा करतो आणि रात्री ठरावीक वेळी ‘संपला’ असे सांगतो, त्याचे दुकान विश्वसनीय समजावे. सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत सर्व पदार्थ मिळतील असे सांगणाऱ्या दुकानात मांस किती काळ थांबलेले असते, हा प्रश्न उरतो.

दुसरी खूण गर्दीची. परंतु गर्दी कोणाची आहे हे पाहिले पाहिजे. बसून खाणाऱ्यांपेक्षा पुडके बांधून नेणारे अधिक असतील, त्यांत घरच्या भांड्यात कबाब न्यावयास आलेली मुले असतील, तर ते दुकान मोहल्ल्याचे आहे असे समजावे. याउलट रमजानच्या रात्री केलेली परीक्षा खरी नसते. त्या महिन्यात जामा मशिदीच्या परिसरात उपवास सुटल्यापासून पहाटेच्या सहरीपर्यंत प्रत्येक अंगीठीपुढे गर्दी असते. तीत कसबी आणि नवखा यांतील भेद झाकला जातो. मंगळवारी उत्तर हिंदुस्थानातील अनेक हिंदू मांसाहार वर्ज्य करतात, त्यामुळे पंजाबी वसाहतींत त्या दिवशी खप कमी असतो. साधारण महिन्यातील साधारण संध्याकाळ हीच परीक्षेची योग्य वेळ होय.

तिसरी खूण सळईची. कच्चा खिमा ओल्या हाताने सळईवर चढवून तो गिऱ्हाइकासमोर भाजला जात आहे काय, हे पाहावे. पुष्कळ ठिकाणी कबाब दुपारीच अर्धवट भाजून ठेवतात आणि मागणी येताच पुन्हा निखाऱ्यावर धरतात. यात वेळ वाचतो, पण रस जातो. शिवाय अर्धवट भाजलेले मांस बाहेर तसेच राहिले तर ते अपायकारकही ठरू शकते.

चौथी खूण रंगाची. मिरची, हळद आणि भाजण्याची क्रिया यांनी येणारा रंग तपकिरी किंवा विटकरी असतो. डोळ्यांत भरणारा लालभडक रंग बहुधा कृत्रिम असतो. कर्नाटक शासनाने तपासणीनंतर जून २०२४ मध्ये कबाबांत कृत्रिम रंग वापरण्यास बंदी केली, यावरून ही प्रथा किती पसरली होती हे दिसते. अन्नसुरक्षा कायदा २००६ मध्ये संमत झाला. त्याखालील परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक दुकानात दर्शनी जागी असावा लागतो. तो क्रमांक चवीची हमी देत नाही, परंतु तक्रार कोणाविरुद्ध करावयाची हे त्यावरून कळते.

शेवटची खूण पदार्थांच्या संख्येची. दोन प्रकारचे कबाब, रुमाली रोटी, कांदा आणि चटणी एवढेच विकणारा मनुष्य ते काम वर्षानुवर्षे करीत असतो. ही गोष्ट दिल्लीपुरतीच मर्यादित नाही. लखनौच्या चौकात १९०५ पासून प्रसिद्ध असलेल्या टुंडे कबाबीची कीर्ती प्रामुख्याने तव्यावरील गलावटी कबाबावर उभी आहे. मुंबईत कुलाब्याचे ‘बडे मियाँ’ १९४६ मध्ये सळईवरील कबाब विकणारे रस्त्यावरील लहान दुकान म्हणून सुरू झाले. थोडे पदार्थ आणि ठरलेली वेळ, हे या धंद्याचे जुने शहाणपण होय.

धुराचा प्रश्न

या सर्व वर्णनात ज्याचा उल्लेख गौण राहिला, तो धूरच आता या दुकानांपुढील मुख्य प्रश्न झाला आहे. दिल्लीत कबाबाला सर्वाधिक मागणी थंडीच्या दिवसांत असते. नेमक्या त्याच काळात जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली अडकून राहते आणि शहराचा धूर वर जाऊ शकत नाही. दिल्लीच्या प्रदूषणाची मुख्य कारणे वाहने, रस्त्यांवरील धूळ, कारखाने व विद्युत्केंद्रे, कचरा आणि शेतातील काडीकचरा जाळणे ही आहेत. तरीही तंदुराचा वाटा शून्य नाही. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने दिल्लीच्या हवेचा जो अभ्यास केला, त्याच्या २०१६ च्या अहवालात शहरातील सुमारे ९,००० उपाहारगृहांचा विचार करण्यात आला आणि तंदुरातील कोळशाऐवजी वीज किंवा गॅस वापरावा अशी शिफारस करण्यात आली. २०१७ पासून अमलात असलेली टप्प्याटप्प्यांची कृतियोजना आहे. हवा ठरावीक पातळीच्या खाली बिघडली की या योजनेनुसार उपाहारगृहांत व उघड्यावरील खाद्यगृहांत कोळसा व लाकूड वापरण्यास मनाई होते. मुंबईतही उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड व कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या आणि तत्सम व्यवसायांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला.

हे नियम अन्यायाचे आहेत असे म्हणता येणार नाही. अंगीठीपुढे रोज सहा-सात तास उभा राहणारा कबाबी हाच त्या धुराचा पहिला बळी असतो. कोळशाच्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. निखाऱ्यावर जळालेल्या चरबीच्या धुरात कर्करोगास कारण होऊ शकणारी संयुगे असतात. तो धूर गल्लीतील वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या कुटुंबांच्या घरांतही शिरतो. चवीच्या अभिमानापायी या माणसांचे आरोग्य दुय्यम मानणे योग्य होणार नाही.

तथापि नियमाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हेही खरे आहे. मोठ्या उपाहारगृहास गॅसची भट्टी, धुराडे आणि वायुवीजनाची यंत्रणा बसविता येते. रस्त्याच्या कडेस उभा राहणारा विक्रेता कोळसा त्या त्या दिवसापुरता विकत घेतो. व्यावसायिक गॅस जोडणीस अनामत रक्कम, पत्ता आणि जागेची कागदपत्रे लागतात. त्याच्याजवळ पुष्कळदा यांपैकी काहीच नसते. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेस संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये झाला. परंतु विक्रीचे प्रमाणपत्र आणि निश्चित जागा हाती आल्याशिवाय त्या संरक्षणाचा उपयोग होत नाही. इंधन बदलावयास लावणारा नियम आणि जागा देणारा नियम बरोबरीने चालले नाहीत, तर हवा फारशी सुधारणार नाही आणि लहान दुकान मात्र उठेल. त्याच्या जागी येणारे मोठे दुकान मोहल्ल्यातील कारागिराला परवडेलच असे नाही.

इंधन बदलल्याने कबाबाची चव नष्ट होते काय, याचे उत्तर वर सांगितलेल्या निखाऱ्याच्या कार्यात आहे. सुवास बव्हंशी चरबीचा असेल, तर ती चरबी तापलेल्या दगडावर किंवा लोखंडी पत्र्यावर पडू देणारी गॅसची भट्टी त्याचा मोठा भाग राखू शकते. निखाऱ्याचे प्रखर प्रारण साधणे अधिक कठीण आहे. मंद आचेवर मांस भाजण्याऐवजी वाफाळते. त्यासाठी भट्टीची रचना सुधारावी लागेल आणि कबाब्यास हाताचा वेग पुन्हा बसवावा लागेल. मांसाची निवड, खिम्याचे मळणे, मिठाचा आणि पपईचा अंदाज, दिवसाच्या खपाचा हिशेब ही या कलेची बाकीची अंगे मात्र इंधनावर अवलंबून नाहीत.

गली कबाबियानमध्ये दरबारी अन्न रस्त्यावर आले, तेव्हाही त्याचे रूप बदललेच होते. पंजाबच्या खेड्यातील रोटीचा तंदूर दिल्लीत कोंबडीचा झाला, तोही असाच एक बदल होता. दोन्ही वेळा कबाबी टिकला, कारण त्याच्या दुकानापुढे रोज संध्याकाळी येणारा मोहल्ला टिकला होता. म्हणून चांगल्या दुकानाचा शोध घेणाऱ्याने ते सापडल्यावर तेथे पुन्हा पुन्हा जावे, कबाबास लालभडक रंग मागू नये, आणि ‘आज संपले’ हे उत्तर मिळाल्यास रागावू नये. गिऱ्हाइकाच्या या लहानशा सवयींवरच तशा दुकानाचा दर्जा अवलंबून असतो.